थर्मल पेस्ट किती लावायची, कशी लावायची आणि कूलर कसा बसवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या घरी पीसी जोडणारे मित्र, भाचे, ऑफिसातले लोक मला हेच प्रश्न परत परत विचारतात, आणि बहुतेक वेळा कूलर हातात असतो, प्रोसेसर उघडा असतो आणि समोरचा घाबरलेला असतो. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. जमलं तर पेस्टचं झाकण उघडायच्या आधी वाचा.

ही पेस्ट नेमकं करते काय? नाही लावली तर?

प्रोसेसरच्या वरचं धातूचं झाकण आणि कूलरचा बेस, दोन्ही डोळ्याला एकदम सपाट दिसतात पण तसे नसतात, त्यावर बारीक खाचा, ओरखडे आणि उंचसखलपणा असतो. दोन्ही एकमेकांवर ठेवले की काही ठिकाणीच धातूला धातू टेकतो आणि बाकी फटीत हवा अडकते. आणि हवा ही उष्णतेच्या बाबतीत फार वाईट वाहक आहे, तिची क्षमता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, तांब्याची ४०० च्या आसपास, आणि चांगल्या पेस्टची ४ ते १२ च्या मधे. म्हणजे पेस्ट तांब्यापुढे काहीच नाही पण हवेपेक्षा शेकडो पट बरी. तिचं काम एवढंच, फटीतली हवा बाहेर काढून ती जागा भरायची.

एक सोपा हिशोब करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. समजा झाकणाचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर आहे, प्रोसेसर १०० वॅट उष्णता टाकतोय आणि मधे ०.०५ मिलिमीटरची फट आहे. ती फट पूर्ण हवेने भरली असेल तर तेवढी उष्णता पलीकडे जायला जवळजवळ १९० अंशांचा फरक लागेल. तीच फट ८ क्षमतेच्या पेस्टने भरली तर फरक अर्ध्या-पाऊण अंशाचा. प्रत्यक्षात हवेच्या बाबतीत इतकं वाईट होत नाही कारण काही ठिकाणी धातू टेकलेला असतोच, पण पेस्ट न लावता मशीन चालू केलं की टेम्परेचर बघता बघता शंभरला का टेकतं ते यातून कळतं. प्रोसेसर लगेच जळत नाही, आजकालचे सगळे स्वतःचा वेग कमी करतात आणि अगदीच झालं तर मशीन बंद पडतं. पण तसं वापरायचं नाही.

मग महागातली पेस्ट घेतली तर टेम्परेचर चांगलंच उतरेल ना?

नाही उतरणार, आणि हेच मला सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. वरच्याच हिशोबात ८ च्या जागी ४ क्षमतेची पेस्ट टाका, फरक सव्वा अंशाचा येतो. प्रत्यक्षात उष्णता झाकणभर सारखी पसरत नाही, खालची चिप छोटी असते आणि बहुतेक उष्णता तिच्या वरच्याच भागातून येते, शिवाय ट्यूबवर छापलेले आकडे कंपन्या जरा हात सैल सोडून छापतात, त्यामुळे खरा फरक थोडा जास्त पडतो, तरी एखाद्या साध्या पण बऱ्या पेस्टमधे आणि महागातल्या पेस्टमधे दोन-तीन अंश. एवढंच. आर्क्टिकची एमएक्स ४, नॉक्टुआची एनटी-एच १, कूलर मास्टर किंवा डीपकूलची कुठलीही ओळखीची ट्यूब घ्या, घरच्या मशीनला पुरे.

जो फरक दहा-वीस अंशांचा असतो तो पेस्टमुळे नसतो, तो कूलर नीट न बसल्यामुळे असतो. माझ्या चुलतभावाचं मशीन, अकोल्यात, मे महिना, इंटेलचा बाराव्या पिढीचा आय ५ आणि प्रोसेसरच्या डब्यात आलेला कूलर, सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा टेस्ट प्रोग्राम) लावलं की काही सेकंदात १००. त्याने दोनदा पेस्ट बदलली, दुसऱ्यांदा चांगली महागाची मागवली, तरी तेच. मी गेलो, मदरबोर्ड बाहेर काढून मागून बघितलं, तर कूलर बोर्डला धरून ठेवणाऱ्या चारपैकी एक पिन नुसती भोकात टेकलेली होती, लॉक झालीच नव्हती, त्यामुळे कूलर एका कोपऱ्यातून उचललेला. ती पिन बसवली, जुनी पेस्ट पुसून पहिलीच स्वस्तातली लावली, आणि तेच काम ८० च्या आत आलं. तेव्हापासून मी कुणी पेस्ट कुठली घेऊ विचारलं की आधी पिना तपासल्या का असं विचारतो.

किती लावायची? कुणी तांदळाएवढी म्हणतं, कुणी वाटाण्याएवढी.

तुरीच्या दाण्याएवढी. हे मी अंदाजाने नाही सांगत, मोजून बघा, १० चौरस सेंटीमीटरवर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा तर ०.१ मिली पेस्ट लागते, आणि तेवढ्याचा गोळा केला तर तो साडेपाच-सहा मिलिमीटरचा होतो. म्हणजे तूर, फार तर छोटा वाटाणा. तांदळाचा दाणा आजच्या मोठ्या झाकणांना कमी पडतो, जुन्या छोट्या प्रोसेसरच्या काळातला सल्ला आहे तो. एलजीए १७०० (इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचं सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) चे प्रोसेसर तर चौरस नसून लांबट आहेत, पूर्ण पॅकेज ४५ बाय ३७.५ मिलिमीटरचं, तिथे मधे एकच बारीक ठिपका दिला तर टोकं कोरडी राहतात.

कमी आणि जास्त यातलं जास्त बरं. जास्त झाली तर कूलरच्या दाबाने बाजूने बाहेर येते, दिसायला घाण दिसतं, पुसायचा ताप होतो, पण टेम्परेचरला जवळपास काही होत नाही, कारण दाब नीट असेल तर मधला थर जेवढा पातळ व्हायचा तेवढा होतोच. कमी झाली तर मात्र एखाद्या गरम जागेवर हवा राहते आणि एखादाच कोअर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा अंश वर दिसतो. म्हणून शंका आली तर थोडी अजून टाका, पण अर्धी ट्यूब नको, केकवर क्रीम लावतात तशी नको.

ठिपका, रेघ, क्रॉस, की कार्डाने सगळीकडे पसरवायची?

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि फरक निघतो अंशा-दोन अंशांचा. मी काय करतो ते सांगतो. इंटेलचा लांबट प्रोसेसर असेल तर मधे एक मोठा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे चार बारीक, किंवा लांबीच्या दिशेने एक रेघ. एएमडीच्या एएम ४ आणि एएम ५ सॉकेटच्या प्रोसेसरला मधे एक तुरीएवढा ठिपका किंवा छोटा क्रॉस.

कार्डाने पसरवणं चूक नाही, फक्त दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पृष्ठभागावर लाटा राहिल्या तर कूलर टेकताना त्यात हवा कोंडू शकते, आणि दुसरं, पेस्ट घट्ट असेल तर कार्डाने ती नीट पसरतच नाही, खरवडली जाते. ठिपका दाबला की तो आतून बाहेर पसरतो आणि हवा पुढे ढकलत नेतो, म्हणून नवीन माणसाला मी ठिपकाच सांगतो. बोटाने मात्र पसरवू नका, बोटाचं तेल लागतं. प्लास्टिकची पिशवी बोटाला गुंडाळून पसरवणारे आहेत, चालतं, पण गरज नाही.

ग्राफिक्स कार्ड आणि लॅपटॉपचा नियम वेगळा, तिथे वर झाकण नसतं, चिप उघडी असते, तिचा एकही कोपरा कोरडा राहता कामा नये, तिथे पूर्ण पसरवूनच लावा.

नवीन कूलरच्या खाली आधीच राखाडी पट्टे आहेत, त्यावर माझी लावू का?

त्यावर नको. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला तीन पट्टे असतात, एएमडीच्या रेथ कूलरला पण आधीच लावलेला थर असतो, वॉटर कूलरच्या पंपाखाली पण बऱ्याचदा असतो. ती पेस्ट बरी असते, बोट न लावता तशीच बसवा, काम होतं. तुम्हाला तुमचीच वापरायची असेल तर कारखान्यातली पूर्ण पुसून मग लावा. दोन पेस्टींचा डबल थर करायचा नाही, आणि कूलर एकदा टेकवून उचलला तर ती पेस्ट गेली असं समजा, पुसा आणि नव्याने लावा, कारण उचलताना तिच्यात हवा घुसते.

आणि हो, वेगळा विकत घेतलेला कूलर असेल तर त्याच्या बेसवर पारदर्शक प्लास्टिकचा स्टिकर असतो. तो काढा. पेस्ट लावली, कूलर बसवला, सगळं जोडलं आणि तो स्टिकर आतच राहिला असं खूप जणांचं होतं, अनुभवी लोकांचं सुद्धा, कारण प्लास्टिक पारदर्शक असतं आणि तांबं खालून चमकत असतं.

जुनी पेस्ट कशाने पुसायची? घरात सॅनिटायझर आहे.

सॅनिटायझर नको, त्यात हाताला मऊ ठेवायला ग्लिसरीन वगैरे घालतात आणि त्याचा थर मागे राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ९० टक्क्यांच्या वरचं, ९९ मिळालं तर उत्तम, मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात आयपीए म्हणून मागा, लगेच देतात. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं अॅसिटोन प्लास्टिक खातं आणि वरून तेल-सुगंध असतो. थिनर, पेट्रोल अजिबात नको.

आधी कोरड्या टिश्यूने जेवढी निघते तेवढी काढा, मग कॉफी फिल्टर किंवा चष्मा पुसायच्या कापडावर अल्कोहोल घेऊन कडेकडून मधे पुसत या, मधून कडेला पुसलं तर घाण खाली सॉकेटकडे जाते. अल्कोहोल कापडावर घ्यायचं, प्रोसेसरवर ओतायचं नाही. सुकलेली कडक पेस्ट असेल तर ओलं कापड मिनिटभर वर ठेवा, मऊ पडते. स्क्रू ड्रायव्हरने किंवा ब्लेडने खरवडू नका. आणि हे काम गॅस किंवा देवासमोरच्या दिव्याजवळ बसून करू नका, अल्कोहोल पेट घेतं. पुसून झालं की दोन-तीन मिनिटं वाळू द्या.

इंटेलचा डब्यातला कूलर नीट बसतच नाही, त्या चार पिनांचं काय करायचं?

ह्या पिनांनी जेवढा त्रास दिलाय तेवढा दुसऱ्या कशानेच दिला नसेल, म्हणून सविस्तर सांगतो.

शक्य असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा. आत असताना बसवायला गेलं तर बोर्ड वाकतो, मागून बघता येत नाही आणि पूर्ण जोर देता येत नाही. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर एक बाण असतो. तो बाण पिन सोडवायची दिशा दाखवतो, बसवायची नाही, इथेच बहुतेक लोक फसतात. बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने जिथपर्यंत जातात तिथपर्यंत फिरवून ठेवा, आणि काळ्या पिना वर ओढलेल्या आहेत का बघा.

मग पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागेपर्यंत पोचेल अशा बाजूने कूलर सरळ वरून ठेवा, चारही पांढरे पाय भोकात गेलेत याची खात्री करा, आणि समोरासमोरच्या म्हणजे कोपरा ते कोपरा अशा दोन पिना एकाच वेळी दोन अंगठ्यांनी दाबा. टक्‌ असा आवाज येतो. मग उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन आधी दाबल्या तर कूलर तिरका होतो, पेस्ट एकीकडे सरकते आणि उरलेल्या दोन बसतच नाहीत. जोर बराच लागतो, बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो, घाबरू नका पण आचरट ताकद पण लावू नका, पाय भोकात सरळ नसेल तर कितीही दाबलं तरी बसणार नाही आणि पाय मोडेल.

बसल्यावर बोर्ड उचलून मागून बघा. चारही ठिकाणी पांढरा पाय फाकलेला आणि त्याच्या मधे काळी पिन आलेली दिसली पाहिजे. एक जरी वेगळी दिसली तर कूलर बसलेला नाही. कूलर हाताने हलकेच हलवा, तो बोर्डासकट हलला पाहिजे, एकटा डुगडुगला तर परत काढा.

आणि एएमडीला?

एएमडीच्या बोर्डवर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट स्क्रूने लावलेले येतात. रेथ स्टेल्थ कूलर थेट मागच्या लोखंडी प्लेटला चार स्क्रूंनी बसतो, म्हणून ते ब्रॅकेट आधी काढावे लागतात, आणि एएम ४ बोर्डवर ते काढले की मागची प्लेट सुटून खाली पडते, तेव्हा ती मागून हाताने धरून ठेवा. एएम ५ ला ती प्लेट सॉकेटलाच धरलेली असते, पडत नाही. ज्या कूलरला हुक असतात, जसा रेथ प्रिझम, त्यांना मात्र ते ब्रॅकेट लागतात, ते काढू नका, आणि काढले असतील तर फेकू नका.

स्क्रू लावायची पद्धत स्कूटरचं चाक बसवताना नट आवळतात तशी, एक थोडा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला थोडा, मग उरलेले दोन, असं दोन-तीन फेऱ्यांत आवळत जायचं. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर तिसरा-चौथा धागा पकडणारच नाही. स्प्रिंगचे स्क्रू एका जागी जाऊन थांबतात, तिथे थांबा, पुढे ताकद लावायची नाही.

कूलर काढताना प्रोसेसर कूलरलाच चिकटून वर आला, आता काय?

हे एएम ४ ला होतं, कारण त्याच्या १३३१ पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि सॉकेटची पकड एवढी मजबूत नसते, सॉकेटची दांडी लॉक असताना सुद्धा प्रोसेसर ओढला जातो. जुनी पेस्ट थंड असताना डिंकासारखी धरते. म्हणून काढण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा, काहीतरी जड काम द्या, गरम झालं की बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा, जात्याची वरची तळी फिरवतो तसा. सुटला की आपोआप कळतं.

तरीही वर आला तर घाबरून झटका देऊ नका. कूलर उलटा ठेवा, प्रोसेसर आणि बेसच्या मधे दाताचा फ्लॉस किंवा पातळ प्लास्टिक कार्ड सरकवा आणि फिरवत सोडवा. पिना वाकल्या असतील तर शिसं काढलेली पेन-पेन्सिल, ती क्लिकवाली, तिच्या टोकात पिन घेऊन हळूच सरळ करता येते, दोन्ही दिशांनी रांगेत बघून. मित्राच्या एएमडी रायझन प्रोसेसरच्या चार पिना आम्ही अशा सरळ केल्या, दीड तास गेला, पण प्रोसेसर अजून चालू आहे. घाई केली की पिन तुटते, आणि तुटली की मग फार काही करता येत नाही. परत बसवताना प्रोसेसर स्वतःच्या वजनाने सॉकेटमधे पडला पाहिजे, दाबायचा नाही.

एएम ५ आणि इंटेलला प्रोसेसर वरून लोखंडी चौकटीने दाबलेला असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

पेस्ट सॉकेटमधे गेली. बोर्ड गेला का?

बहुतेक वेळा नाही. बाजारातल्या नेहमीच्या पेस्टमधून वीज वाहत नाही, त्यामुळे थोडी कडेला लागली तर शॉर्ट होत नाही. एएम ५ च्या झाकणाला कडेला खाचा असतात आणि त्यात बारीक कपॅसिटर दिसतात, तिथे पेस्ट जाते म्हणून लोक फार घाबरतात, नुसती घाण दिसते, नुकसान होत नाही.

पण इंटेल आणि एएम ५ च्या सॉकेटमधल्या पिनांवर पेस्ट पडली तर कापडाने पुसायचं नाही, एक धागा अडकला तरी पिना वाकतात आणि त्या पिना केसाएवढ्या असतात. अल्कोहोलचे थेंब आणि एकदम मऊ ब्रश, पिनांच्या झुकलेल्या दिशेनेच, परत परत. हात थरथरत असेल तर मोबाईलवाल्या कारागिराकडे न्या, त्यांच्याकडे मायक्रोस्कोप असतो.

टेम्परेचर किती असेल तर नॉर्मल?

इथे लोक परदेशातल्या लोकांचे आकडे बघून स्वतःचं मशीन खराब आहे असं ठरवतात. कूलर फक्त खोलीच्या हवेत उष्णता टाकू शकतो, त्यामुळे खोली जेवढ्या अंशांनी तापली जवळपास तेवढ्याच अंशांनी प्रोसेसर तापतो. २२ अंशांच्या खोलीत ज्याचं मशीन ७० दाखवतं तेच मशीन आमच्याकडे ३८ च्या खोलीत ८६ दाखवणार, पेस्ट तीच, कूलर तोच. अकोला, नागपूर, चंद्रपूरला उन्हाळ्यात बाहेर ४५ असतं, तेव्हा आधी खोलीतलं टेम्परेचर मोजा आणि मग त्यापेक्षा प्रोसेसर किती वर आहे ते बघा. काहीच चालू नसताना खोलीपेक्षा दहा-वीस अंश वर, गेम खेळताना तीस-पन्नास, हे सगळं ठीक.

मर्यादा पण वेगवेगळ्या असतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीची १००, बहुतेक रायझन ७००० ची ९५. आणि रायझन ७००० चे मोठे प्रोसेसर पूर्ण लोडला मुद्दामच ९५ पर्यंत जातात, तिथे वेग सांभाळून थांबतात, त्यात बिघाड काही नाही. बघायला एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प वापरा, सिनेबेंच दहा मिनिटं चालवा, पहिल्या पाच सेकंदांचा आकडा धरू नका. आधीचा आणि नंतरचा आकडा तोलायचा तर खोलीचं टेम्परेचर दोन्ही वेळा लिहून ठेवा, नाहीतर सकाळी सातला आणि दुपारी तीनला घेतलेल्या आकड्यांतून काहीच कळत नाही.

विदर्भात अजून एक विचारतात, खोलीतला पाण्याचा कूलर पीसीसमोर लावू का. खोली थंड झाली की पीसी पण थंड राहतो, त्यामुळे फायदा आहे, पण तोंड थेट कॅबिनेटवर नको, त्यातून बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसतात.

टूथपेस्ट लावली तर चालते म्हणे?

पहिला तासभर चालते, कारण ती पण फट भरते. मग तिच्यातलं पाणी उडून जातं, ती कडक होऊन तडकते आणि परत हवा आली. व्हॅसलिन गरम झालं की पातळ होऊन वाहून जातं. ४ ग्रॅमच्या एका सिरिंजमधे पंधराएक वेळा पुरेल एवढी पेस्ट असते, एकदा आणून ठेवा, मित्रांना पण होईल.

लिक्विड मेटल, ग्रॅफाइट पॅड, हे घ्यावं का?

लिक्विड मेटल म्हणजे गॅलियमचं मिश्रण, पेस्टपेक्षा कित्येक पट चांगला वाहक, प्लेस्टेशन ५ मधे तेच आहे. पण त्यातून वीज वाहते, एक थेंब बोर्डवर पडला तर बोर्ड जाऊ शकतो, आणि अॅल्युमिनियमला ते अक्षरशः कुरतडतं, म्हणून अॅल्युमिनियमच्या बेसवर कधीच नाही. साध्या डेस्कटॉपला मी कुणालाच सांगत नाही.

काही जण झाकणाच्या आतली पेस्ट बदलायची म्हणतात. २०१२ च्या तिसऱ्या पिढीपासून इंटेलने झाकणाखाली पेस्ट वापरायला सुरुवात केली होती, तेव्हा झाकण उघडणाऱ्यांना भरपूर फरक मिळायचा, २०१८ मधे नवव्या पिढीचे के मालिकेचे प्रोसेसर परत सोल्डर करून आले. आता त्या भानगडीत पडायचं कारण उरलेलं नाही.

ग्रॅफाइट पॅड वाळत नाही, परत वापरता येतो, पण त्यातूनही वीज वाहते, कापून नीट बसवा. हनीवेलचा पीटीएम ७९५० नावाचा पॅड मात्र मला मनापासून आवडतो, ४५ अंशांच्या आसपास तो मऊ होऊन फटीत भरतो आणि पेस्टसारखा बाहेर सरकत नाही.

किती वर्षांनी बदलायची?

टेम्परेचर नीट असेल तर हात लावू नका. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत पेस्ट बदलणारे लोक आहेत, गरज नसते. आर्क्टिक स्वतःच्या एमएक्स ४ ला ८ वर्षं सांगते, मी डेस्कटॉपला चार-पाच धरतो. कूलर कुठल्याही कारणाने उचलला तर मात्र नवीन लावायचीच. दिवाळीला धूळ काढा, तिचा फरक जास्त पडतो, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, उलटी गरगर फिरू देऊ नका.

लावल्यावर पेस्ट मुरायला दिवस लागतात असंही विचारतात. जुन्या आर्क्टिक सिल्व्हर ५ ला कंपनी २०० तासांपर्यंत सांगायची, आताच्या पेस्टींना तसं काही नाही.

उरलेली सिरिंज कशी ठेवू?

टोक पुसून झाकण घट्ट लावा, कपाटात ठेवा, टोक खाली. उन्हाच्या खिडकीत नको. बऱ्याच दिवसांनी काढली आणि आधी तेल आलं तर पहिला भाग कागदावर टाका, एकसारखी पेस्ट यायला लागली की वापरा. दाण्यादाण्याची, भुसभुशीत निघाली तर फेका.

सगळं केलं, तरी ९५ च्या वर जातंय.

मग मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने बघा. पंखा फिरतोय का, आणि त्याची वायर सीपीयू फॅनलाच आहे का. मागून पिना किंवा स्क्रू. बेसचा स्टिकर. इतकं झालं की कूलर काढून पेस्टचा ठसा बघा, हा ठसा सगळं सांगतो : मधे पातळ, जवळपास धातू दिसेल असा थर आणि कडेला जाड रिंग असेल तर दाब बरोबर आहे, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर कूलर तिरका, सगळीकडे जाड आणि लाटा असतील तर दाबच नाही. ठसा चांगला असेल तर प्रश्न पेस्टचा नाही. आय ५ १२४०० सारखा ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर टर्बोमधे, म्हणजे स्वतःचा वेग वाढवतो तेव्हा, ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि काही बोर्ड तो तसाच चालू ठेवतात, डब्यातला छोटा कूलर मग पुरत नाही. बायॉसमधे (मशीन चालू होताना उघडणारा बोर्डचा सेटिंग मेनू) पॉवर लिमिट ६५ ला आणून बघा, किंवा चार हीटपाइपचा टॉवर कूलर घ्या. कॅबिनेटची पुढची काच पण बघा, हवा आत यायला जागाच नसेल तर बाजूचं पॅनेल काढून एकदा टेस्ट चालवा, पाच-सात अंश उतरले तर दोष कॅबिनेटचा.

लॅपटॉपचं पण असंच करायचं?

पेस्ट तीच, पण बाकी फरक आहे. बॅटरीची वायर आधी काढा. हीटसिंकच्या (चिपवर बसणारा उष्णता ओढणारा धातूचा भाग) स्क्रूंजवळ बहुतेक वेळा १, २, ३ असे आकडे असतात, आवळताना त्या क्रमाने आणि सोडवताना उलट क्रमाने. चिप उघडी असते, तिचे कोपरे सहज टवके उडून फुटतात, म्हणून हीटसिंक सरळ वर उचला, तिरका करू नका. मेमरीवर बसलेले मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे आणा, अर्धा मिलिमीटर जास्त जाड लावला तर हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही आणि आधीपेक्षा जास्त तापतं. लॅपटॉपमधे सततच्या गरम-थंड होण्याने पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते, काही महिन्यांत परत तेच होतं, म्हणून तिथे घट्ट पेस्ट किंवा वर सांगितलेला पीटीएम पॅड. उघडायच्या आधी स्क्रू कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा, लांब स्क्रू छोट्याच्या जागी गेला तर बोर्डातून आरपार जातो.